डिमेलोचं सुतक

आमच्या वाचनालयाच्या कपाटात चंदनी सालपटांचा एक हार आहे. शोकसभा ठरली की तो बाहेर काढायचा, रंगाच्या ब्रशने झटकायचा, फोटोला घालायचा आणि सभा संपली की परत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचा. शाळेतून संस्कृत शिकवून निवृत्त झाले तेव्हा कार्यकारिणीने हे खातं माझ्याकडे दिलं. संस्कृतचा आणि मरणाचा काहीतरी संबंध असणार, असा त्यांचा समज असावा. तेव्हापासून बातमी आली की फोटो छापून आणणं, तीन वक्ते गाठणं आणि दोन मिनिटांची शांतता मोजणं हे माझं काम. लोक मिनिटभरातच एक डोळा उघडून घड्याळ बघतात, म्हणून ती मी घड्याळाला पाठ करून उभी राहून मोजते.

२०२५ हे साल या खात्याला जड गेलं. २० मे रोजी जयंत नारळीकर गेले. १८ ऑगस्टला अच्युत पोतदार गेले, नव्वदी पार करून, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाला चार दिवस असताना. ऐन दिवाळीत २० ऑक्टोबरला असरानी आणि पाठोपाठ २५ ऑक्टोबरला सतीश शाह. हार वर्तमानपत्रात गुंडाळायची सोय राहिली नाही.

आता वक्त्यांबद्दल. शोकसभेतले वक्ते गेलेल्या माणसाला पहिल्या तीन वाक्यांत नाहीसा करतात. न भरून येणारी पोकळी, अजातशत्रू व्यक्तिमत्त्व, कलावंत म्हणून मोठे पण माणूस म्हणून त्याहून मोठे. फोटोवर रुमाल टाकला तर सभा खगोलशास्त्रज्ञाची आहे की नगरसेवकाची, हे कुणाला ओळखता येणार नाही. पोतदारांच्या सभेतही तसंच चाललं होतं. लष्करात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये नोकरी, आणि चाळिशी उलटल्यावर पडद्यावर पहिलं पाऊल, एवढा मालमसाला हाताशी असताना पहिले वक्ते भारतीय संस्कृतीतील वडीलधाऱ्यांचे स्थान या विषयावर वीस मिनिटं बोलले. वाक्य सुरू व्हायचं, उपवाक्यं फुटायची, क्रियापद काही येईना. तेव्हा मागच्या बाकावरून एका कॉलेजच्या मुलाने हळूच ‘थ्री इडियट्स’मधल्या त्या कावलेल्या प्राध्यापकाचा प्रश्न विचारला. आमिर खान पुस्तकाची लांबलचक व्याख्या सांगतो आणि पोतदार विचारतात तो: बाबा रे, तुला म्हणायचंय तरी काय? हिंदीत विचारला, त्याच सुरात.

सगळं सभागृह हसलं. वक्ते आधी गोरेमोरे झाले, मग तेही हसले आणि खाली बसले. त्यानंतरचे दोघे मात्र छान बोलले. त्यातल्या एकांनी सांगितलं, की सबंध हयात घालवून माणसाला एक वाक्य मागे ठेवता आलं आणि ते लोकांच्या रोज उपयोगी पडलं, तर याहून वेगळं पुण्य कुठलं? ठाणे–कल्याण लोकलमध्ये ते वाक्य दिवसातून शंभर वेळा वापरलं जातं, तेही ते कुणाचं हे माहीत नसणाऱ्यांकडून.

सभा संपल्यावर नाना थांबले होते. नाना आमचे जुने सभासद. सकाळी संध्या, दुपारी वर्तमानपत्रं, संध्याकाळी वाचनालय. ते म्हणाले, “बाई, तुम्ही संस्कृत शिकवलंत. प्रेतासमोर हसतात असं तुमच्या कुठल्या ग्रंथात लिहिलंय, ते मला दाखवा.”

“प्रेत कुठे होतं, नाना? फोटो होता.”

“फोटोला हार होता ना? मग झालं. सुतकात आपण गोड खात नाही, गादीवर झोपत नाही. आणि तुम्ही टाळ्या काय घेता?”

त्यांचा प्रश्न मला टाळता आला नाही. नाना सनातनी आहेत, पण आडमुठे नाहीत. ग्रंथ दाखवला तर वाचतात. म्हणून मी घरी जाऊन शोधलं. रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्या आणि १९६३ साली भारतरत्न झालेल्या म. म. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, अशौच आणि श्राद्ध यांबद्दलची वचनं एका जागी आणून ठेवली आहेत, म्हणून माझ्यासारखीचं निभावतं. तिथून मूळ याज्ञवल्क्य स्मृतीवर गेले. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीलाच अशौचाचं प्रकरण आहे. दहन झालं, नातेवाइकांनी नदीत उतरून पाणी दिलं, वर येऊन ते मऊ हिरवळीवर बसले, की मोठ्यांनी त्यांना जुन्या गोष्टी सांगून त्यांचं दुःख हलकं करावं, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. गोष्टी सांगाव्यात! मग पोरांना पुढे घालून सगळ्यांनी घरी जावं आणि दाराशी कडुनिंबाची पानं चावून आत शिरावं. पोरांना पुढे घालण्याची ही सूचना मला फार आवडते. ज्याने ती लिहिली त्याने मयताहून परतणारी माणसं नीट पाहिली असणार.

आणि रडण्याबद्दल? तिथेच एक जरा किळसवाणी, पण मोठी व्यवहारी धमकी आहे. आप्तांनी गाळलेले अश्रू आणि शेंबूड मेलेल्याला नाइलाजाने खावे लागतात, म्हणून रडू नये, आपल्या ऐपतीप्रमाणे क्रिया कराव्यात. आश्वलायन गृह्यसूत्रातही घरात मृत्यू घडून गेल्यावर करायच्या शांतिकर्मात असं सांगितलंय, की रात्र सामसूम होईपर्यंत विस्तव पेटता ठेवून बसावं आणि दीर्घायुषी माणसांच्या कथा, मंगल इतिहास-पुराणं एकमेकांना सांगावीत.

हे सगळं कागदावर उतरवून मी नानांना दिलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाले, “गोष्टी सांगा म्हटलंय. हसवा कुठे म्हटलंय?”

नाना बरोबर होते. याज्ञवल्क्याने त्या गोष्टींचा मासलाही दिलाय आणि तो हसण्याजोगा नाही. माणसाचं असणं केळीच्या सोपटासारखं पोकळ आहे, पाण्यावरच्या बुडबुड्यासारखं आहे, पृथ्वी आणि समुद्रसुद्धा नाश पावणारे, तिथे तुमची काय कथा? हे समजावणं आहे. यात गेलेला माणूस कुठेच नाही. तो तबलजी होता की तलाठी, चिडका होता की मवाळ, याच्याशी त्या बुडबुड्याला कर्तव्य नाही. बारकाईने पाहिलं तर आपल्या सगळ्या उत्तरक्रियेची दिशाच ती आहे. बाराव्या दिवशी सपिंडीकरण होतं. गेलेल्याचा पिंड घेऊन तो बाप, आजा, पणजा यांच्या पिंडांत मिसळतात. तेवढ्याने प्रेताचा पितर होतो. म्हणजे कालपर्यंत ज्याला नाव, आवाज आणि खोकण्याची एक पद्धत होती, तो एका रांगेत उभा राहतो. पुढे वसू, रुद्र, आदित्य अशी बढती. आणि चौथ्या पिढीला त्याला स्वतंत्र पिंडही मिळत नाही, हाताला लागलेल्या भाताच्या लेपावर भागवायचं. शास्त्राला माणूस विरघळवायचा आहे. त्यात निर्दयपणा नाही. न विरघळलेला माणूस भटकतो, असं त्यांचं मत होतं, आणि ज्यांच्या घरात एखादं मरण वर्षानुवर्षं न विरघळता बसून राहिलंय त्यांना ते पटेल.

मग शोकसभेतले वक्ते शास्त्राप्रमाणेच वागत होते की! अजातशत्रू, मोठा माणूस, पोकळी. तेही एक सपिंडीकरणच. फक्त बारा दिवस न थांबता पहिल्याच संध्याकाळी उरकलेलं.

पण शास्त्राच्या शेजारी लोकाचार बसलेला असतो, आणि त्याची तऱ्हा वेगळी. दहाव्याचा कावळा घ्या. बाराव्याला माणूस विरघळायचा, त्याच्या दोन दिवस आधी मात्र तो अगदी तोच असावा लागतो. कावळा शिवत नाही तोवर हलायचं नाही, आणि तो शिवायचा तर गेलेल्याच्या मनात नेमकं काय राहिलंय ते ओळखावं लागतं. तिथे ‘थोर व्यक्तिमत्त्व’ चालत नाही. जिलबी की भजी, तपकीर की विडी, हे ठाऊक असावं लागतं. वाईला कृष्णेच्या घाटावर माझ्या थोरल्या मामांचं दहावं होतं, तेव्हा मी बारावीत होते. कावळे झाडावर बसलेले, खाली यायला तयार नाहीत. मामेभावांनी सगळी वचनं दिली. आईला सांभाळू, घर विकणार नाही, धाकटीचं लग्न करून देऊ. कावळे ढिम्म. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा माझी मावशी पदराआडून म्हणाली, “अहो, अण्णाचे रमीचे अडीच रुपये राहिलेत भावजींकडे.” भावजी म्हणजे माझे वडील. त्यांनी मुकाट्याने खिशातून अडीच रुपये काढले आणि पिंडाजवळ ठेवले. कावळा आला.

सबंध घाट हसला. मामी हसली, दहा दिवसांत पहिल्यांदा. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता हसले. वडिलांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिलं, की तो कावळा योगायोगाने आला आणि अडीच रुपये फुकट गेले. मामांना जाऊन किती काळ लोटला, त्यांच्या नोकरीतली बढती, त्यांनी बांधलेली विहीर, सगळं विरघळलंय. रमी तेवढी शिल्लक आहे.

या कावळ्यामुळे मला नानांच्या प्रश्नाची बाजू सापडली. जे हसू गेलेल्याला अचूक ओळखतं, ते त्याच्यासमोर चालतं. म्हणजे हसावं की नाही यापेक्षा, हसणाऱ्याला तो माणूस ठाऊक होता की नाही, हे विचारायला हवं. मृत्यूच्या बातमीनंतर तासाभरात फोनवर जे विनोद फिरायला लागतात, त्यांतले बरेचसे या कसोटीला उतरत नाहीत. कुणाच्या आजारावर, कुणाच्या वजनावर, कुणाच्या दुसऱ्या लग्नावर. ते कुणाच्याही मरणाला चिकटवता येतात, म्हणून ते त्या पोकळीवाल्या वक्त्याचेच सख्खे भाऊ. आणि गेलेला उलट उत्तर देऊ शकत नाही, ही अडचण आहेच. थट्टा दोघांची असते. एक उठून गेल्यावर उरलेल्याने किती बोलावं?

नारळीकरांच्या सभेत ही अडचण आली नाही, कारण गंमत त्यांनी स्वतःच करून ठेवली होती. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखलं जाईल म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडलेला माणूस, आणि नाव लपवून मराठी कथास्पर्धेत उतरतो. बक्षीस जगतापांना मिळालं. आमच्याकडे एका बाईंनी हे सांगून वर विचारलं, की मग आज आपण शोकसभा दोघांची घ्यायची की एकाचीच? फोटो एकच होता. लोक हसले, आणि त्यांच्या मोठेपणाबद्दल कुणाला काही वेगळं सांगावं लागलं नाही.

असरानींनी दुसरंच केलं. आपल्यामागे गडबड नको, असं त्यांनी घरी सांगून ठेवलं होतं. घरच्यांनी सांताक्रूझच्या स्मशानभूमीत अंत्यसंस्कार उरकले आणि मग बातमी बाहेर आली. ‘शोले’तला तो जेलर अर्ध्या कैद्यांना इकडे पाठवतो, अर्ध्यांना तिकडे, आणि मागे उरलेल्यांना आपल्या मागे यायला सांगतो. त्याच्या मागे खरोखर कुणी आलं नाही, हे पाहून कुणालाही तो प्रसंग आठवावा. आम्ही सभेत तो आठवला, पण जपून. ज्याने शांतता मागितली होती त्याच्याबद्दल थोडं कमी बोलावं असं मला वाटतं, आणि त्या दिवशी मी वक्ते दोनच बोलावले.

सतीश शाहांच्या वेळी मात्र नानांचा आणि माझा खरा वाद झाला. कारण ज्या माणसाने हिंदी सिनेमातलं सर्वांत गाजलेलं प्रेत वठवलं, त्याच्याच प्रेताचा प्रश्न होता. ‘जाने भी दो यारो’ १९८३ सालचा, कुंदन शाहांचा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत केलेला. सतीश शाह त्यात महापालिका आयुक्त डिमेलो. जिवंत असताना तो लाच खातो आणि खोटं बोलतो, तेवढ्यात त्याचा खून होतो, आणि खरी भूमिका तिथून पुढे. ओम पुरींचा दारू प्यालेला आहुजा रस्त्यात पडलेली त्याची शवपेटी पाहतो. त्याला ती बंद पडलेली मोटार वाटते, आणि मोठ्या माणुसकीने तो ती आपल्या गाडीला बांधून ओढत नेतो. पुढे प्रेताच्या पायांत स्केट्स. बुरखा घातलेल्या बायकांच्या घोळक्यातून, आणि शेवटी महाभारताच्या नाटकात थेट द्रौपदी म्हणून रंगमंचावर. दुर्योधनाला ती हवी, भीमाला हवी, बिल्डरला हवी, संपादिकेला हवी. वस्त्रहरण होऊ द्यायचं नाही, कारण आत आयुक्त आहे. आंधळा धृतराष्ट्र पुन्हापुन्हा विचारतोय, हे चाललंय काय? एक ख्रिस्ती अधिकारी, पेटीतून निघून बुरख्यांतून जाऊन पांचाली होतो. मेल्यावर माणूस कुठल्या धर्माने जाणार यावर आपल्याकडे दंगे होतात. डिमेलो सगळ्यांच्या दारावरून जाऊन आला आणि कुणालाच पुरता सापडला नाही. आणि एवढ्या धावपळीत कच्छी गुजराती घरातून आलेल्या त्या नटाचं काम काय, तर काही न करणं. मान टाकून, चेहरा जराही न हलवता. मराठी प्रेक्षकांना ते पुढे ‘गंमत जंमत’मधले इन्स्पेक्टर फुटाणे म्हणूनही भेटले. तिथे हलायची मुभा होती.

त्या सिनेमातली किती जणं गेली! भक्ती बर्वे २००१ मध्ये, वाईहून परतताना अपघातात. रवी बासवानी, ओम पुरी, कुंदन शाह, सतीश कौशिक. त्यातलं प्रेत या सगळ्यांच्या मागे राहिलं होतं.

२६ ऑक्टोबरला विलेपार्ल्याच्या स्मशानभूमीत सतीश शाहांना निरोप द्यायला त्यांच्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ची मंडळी जमली आणि त्यांनी त्या मालिकेचं शीर्षकगीत म्हटलं. देवेन भोजानी, सुमीत राघवन, रूपाली गांगुली, सगळे रडत रडत गात होते. चित्रफीत सगळीकडे गेली. दुसऱ्या दिवशी नाना वाचनालयात आले ते तीच घेऊन. “हे बघा, स्मशानात. गाणं, आणि तेही विनोदी मालिकेचं. आता याज्ञवल्क्य काय म्हणतो?”

मी म्हटलं, “देवेन भोजानींनी लिहिलंय ते वाचलंत का? ही माणसं भेटली की दर वेळी ते गाणं म्हणतात. त्या दिवशी गाळलं असतं तर वेगळं काहीतरी केल्यासारखं झालं असतं. त्या घरातला इंद्रवदन कसा होता? मुलाच्या कवितांची थट्टा करणारा, बायकोच्या शिष्टपणाला टाचणी लावणारा. त्याच्यासमोर कुणी पोकळी म्हटलं असतं तर?”

“इंद्रवदन नव्हे. सतीश शाह,” नाना म्हणाले. “नट गेला. पात्र कुठे मरतं?”

नानांनी इथे खरोखर पेच टाकला. आपण ज्याला ओळखत होतो तो कोण? मामांची रमी मी पाहिली होती. सतीश शाहांना मी कधी पाहिलं नाही. माझ्या ओळखीचे डिमेलो, फुटाणे आणि इंद्रवदन. ‘ये जो है जिंदगी’त तर ते दर आठवड्याला नवंच पात्र घेऊन यायचे. मग माझं हसू त्या माणसाला अचूक ओळखतं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? यावर माझं एवढंच म्हणणं आहे, की स्मशानात गाणाऱ्यांची ओळख खरी होती, आणि आम्ही दुरून पाहणाऱ्यांनी त्यांच्या मागे थोडं गुणगुणलं तर ते सोसायला हरकत नाही. पण सूर त्यांनी लावायचा. शास्त्राने दूरच्यांसाठी काहीच सांगितलेलं नाही असंही नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात राजा गेला तर त्याच्या राज्यात राहणाऱ्याला अशौच किती, हे दिलंय. उजेड असेपर्यंत. दिवसा गेला तर सूर्य मावळेपर्यंत, रात्री गेला तर तारे असेपर्यंत. ज्याला आपण कधी भेटलो नाही, पण ज्याच्या छायेत राहिलो, त्याच्यासाठी एक दुपार. मला हे माप फार समंजस वाटतं. सतीश शाह शनिवारी दुपारी गेले. संध्याकाळी सहानंतर कुणीही कॅसेट लावायला मोकळा.

“राजा?” नाना म्हणाले.

“आयुक्त तरी होता की.”

नाना त्यावर हसले नाहीत. ते सर्वपित्रीला तर्पण करतात, हे मला ठाऊक होतं. त्या विधीत शेवटी अशांनाही पाणी देतात, जे आपले बांधव आहेत, नाहीत, किंवा मागल्या कुठल्या जन्मी होते. त्याबद्दल विचारलं, तर कळलं की सप्टेंबरात त्यांनी त्यात अच्युत पोतदारांचं नाव घेतलं होतं. सभेत हसणाऱ्यांवर इतकं रागावूनही.

“आणि नारळीकरांचं?”

“छे. त्यांनी पुरावा मागितला असता.” नारळीकरांनी पत्रिकांवरून घेतलेली ज्योतिषाची चाचणी नानांच्या चांगलीच लक्षात होती. सत्तावीस ज्योतिषी आणि सरासरी ४६ टक्के उत्तरं बरोबर. नाणं उडवूनही त्याहून बरं उत्तर आलं असतं.

“पुढच्या वर्षी सतीश शाहांचं नाव घ्याल?”

“घेईन. गोत्र माहीत नसलं तर काश्यप म्हणायचं, सोय आहे.”

“आणि डिमेलोचं?”

नानांनी थोडा हिशेब केला. “तो १९८३ साली गेला. बेचाळीस वर्षं झाली. एव्हाना रुद्र होऊन आदित्यांत जायला निघाला असेल. त्याला आता आपल्या पाण्याची गरज नाही.”

मी काही बोलले नाही. नाना क्वचित विनोद करतात आणि केला की समोरच्याने काही आगळीक केल्यासारखं बघतात. मग त्यांनी पुढच्या सभेला पाच मिनिटं बोलायला वेळ मागितला. मी तीन दिली.